विशेषणं चालत नाहीत

मी हवा विकते, असं माझा भाऊ म्हणतो.
बरोबरच आहे. पंधरा सेकंदांचे बारा डॉलर,
सकाळच्या बातम्यांआधीचे हवे असतील तर अठरा.
आमचं स्टेशन एका दंतवैद्याच्या जुन्या जागेत आहे,
स्टुडिओत अजून लवंगेच्या तेलाचा वास येतो
आणि सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला
की नेमका वाऱ्याचा अंदाज सांगतानाच आवाज तुटतो.

जाहिरात म्हणायचं नाही. साहाय्य म्हणायचं.
नियम मला पाढ्यांसारखे पाठ आहेत:
'उत्तम' नाही, 'स्वस्त' नाही, 'सगळ्यात जुने' तर नाहीच,
किंमत नाही, सूट नाही,
आणि ऐकणाऱ्याला कसलीही आज्ञा नाही.
'या' नाही, 'बघा' नाही, 'फोन करा' नाही.
नाव सांगा, पत्ता सांगा, काय विकता ते सांगा
आणि गप्प बसा.

लोकांना पटत नाही.
बेकरीवाली आयली पेल्टोनेन म्हणाली,
"माझा पाव ताजा असतो ही वस्तुस्थिती आहे, विशेषण नव्हे."
अर्धा तास भांडलो. शेवटी
'पाव पहाटे चारला भट्टीत जातो' यावर तह झाला.
अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या लुंडीन बंधूंना
'मायेने' हा शब्द हवा होता.
माया मोजता येत नाही, म्हणून मी तो खोडला.
थोरला लुंडीन खोडलेल्या जागेकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "याचे पैसे कमी होतील का?"

नोव्हेंबरात आर्विड कोस्केला आला.
जुन्या धक्क्यापाशी त्याचं गळ-आमिषाचं दुकान.
हाताला मासोळ्यांचा वास, काखेत कॉफीचा डबा,
डब्यात एकेक डॉलरच्या नोटा, इस्त्री केल्यासारख्या.
पावतीच्या पाठीवर त्याने मजकूर लिहून आणला होता:
रूबेन, घरी ये.

रूबेन लाकडाचा ट्रक चालवतो.
आठवड्यातून दोनदा गावावरून जातो, थांबत नाही.
सहा वर्षं झाली. एका बोटीवरून बिनसलं, म्हणतात.
रेडिओ मात्र आमचाच लावतो,
पेट्रोल पंपावरच्या पोराने आर्विडला सांगितलं होतं.

मी म्हटलं, हे चालणार नाही. आज्ञा आहे.
"आज्ञा कुठली? विनंती आहे."
व्याकरणात दोन्हीला आज्ञार्थच म्हणतात, मी म्हणाले,
आणि म्हणताना माझी मलाच लाज वाटली.
कॉफी ठेवली. तो टोपी हातात फिरवत बसला.
मग आम्ही लिहायला घेतलं.

'साहाय्य: कोस्केला यांचं दुकान, जुना धक्का.
जिवंत आमिष, बर्फाला भोक पाडायची गिरमिटं.
हिवाळ्यात दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.'

"मागचं दार घाल," तो म्हणाला.
काय घालू?
"मागचं दारही. एवढंच."

मॅनेजर हॉलिसने त्या तीन शब्दांखाली पेन्सिल ओढली.
हे काय?
माहिती, मी म्हटलं.
गिऱ्हाईक मागच्या दाराने येतं?
दार आहे, उघडं असतं, मी जाऊन हात लावून पाहिलाय.
त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला
आणि सही केली.

सगळा हिवाळा ती ओळ वाजली,
कधी आयलीच्या पावानंतर, कधी लुंडीनांच्या आधी.
कॉलेजातली एक पोरगी वाचायची, सर्दी झालेल्या आवाजात,
तिला काहीच माहीत नव्हतं, म्हणून बरं वाचायची.
एकदा वाऱ्याने नेमका 'उघडं' खाल्ला.
मी गाडीत होते. गाडी कडेला घेतली,
उगीचच.

मार्चअखेर आर्विड परत आला, काखेत तोच डबा.
मुलाचं मी विचारलं नाही.
तीच ओळ ठेवायची का, एवढंच विचारलं.
"'हिवाळ्यात' काढ," तो म्हणाला.
"'बाराही महिने' घाल."

वाचून पाहिलं. सोळा सेकंद भरले.
पावतीवर पंधराच लिहिले.