खूण लावलेलं पाणी

मोसानच्या शेतात पहाटे साडेपाचला
मी गुडघे टेकतो. काटा जमिनीलगत असतो
आणि बॅटरीचा उजेड धरायला दुसरं कुणी नाही.

नळीच्या तळाशी भाजल्या मातीची वाटी आहे,
अंगठ्याएवढी.
कोरडं शेत तिच्यातलं पाणी ओढतं
आणि ती ओढ वर काट्यावर दिसते.
पाणी किती, ते मला कळत नाही.
माती ते किती घट्ट धरून बसलीय, तेवढं कळतं.
मुळालाही बहुधा तेवढंच कळत असावं.

ऐंशीच्या पुढे नळीला धाप लागते.
बुडबुडा शिरतो, काटा शून्यावर पडतो,
मी वहीत लिहितो : निकामी.
बाजरी मात्र त्याच मातीतून पीत असते,
माझं यंत्र थकतं तिथून कितीतरी पुढे,
कणाकणाला चिकटलेली ओल
केसाहून बारीक मुळांनी सोडवत.
वर पानं उन्हात पाणी हरवत असतात.
त्या हरवण्याचाच दोर होतो,
त्या दोराला लोंबकळत
खालचं पाणी वर येतं.

ऑगस्टात एकोणीस दिवस पाऊस नव्हता.
उघड्या वावरातल्या नळ्या एकेक करून निकामी.
पण बांधावरच्या न्गेरच्या झुडपाजवळ,
वीतभर खोलीवर,
संध्याकाळी एकाहत्तर, पहाटे अठ्ठावन्न.
दुसऱ्या दिवशी त्र्याहत्तर, साठ.
रात्रीतून माती ओली होत होती.

मी काटा बदलला.
मग नातवावर संशय घेतला, दिएगानवर,
त्याला नळ्यांशी खेळायची खोड होती.
शेवटी मोसानलाच विचारलं,
रात्री कुणी पाणी घालतं का इथे?

ती इतकी हसली की डोक्यावरचा रुमाल सुटला.
"विहीर पाऊण तासावर आहे, पोरा.
बाजरीला पाजू की घरच्यांना?"
मग झुडपाच्या करड्या पानांवरून हात फिरवत,
"पेरणीआधी हे छाटायचं, जाळायचं,
पण मुळासकट उपटायचं नाही,
एवढं सासूनं सांगितलं होतं.
का, ते नव्हतं सांगितलं.
सासूला का म्हणून विचारतात का कुणी?"

डाकारहून एक बाटली आली, जड पाण्याची.
पाण्यासारखंच पाणी, वजनाला किंचित जास्त.
आम्ही पुरुषभर खणलं,
न्गेरचं पेन्सिलीएवढं मूळ सापडलं,
टोक कापून बाटलीत बुडवलं,
तोंड मेणानं बंद करून खड्डा बुजवला.

मोसान काठावर उकिडवी बसून बघत होती.
"आणि हे ओळखणार कसं?"
बकरीच्या कानाला चीर देता ना, मी म्हटलं,
तशी खूण आहे याला.
"दुसऱ्याच्या कळपात सापडलं तर?"
मला उत्तर सुचेना.
"तर भांडण," ती म्हणाली,
आणि उठून गेली.

रात्री पानांची तोंडं मिटतात.
दोर सैल पडतो.
पण खाली ओल असते, वर कोरड,
म्हणून खोल मुळातून पाणी चढत राहतं
आणि वरच्या मुळांमधून मातीत झिरपतं.
झुडपाला यातलं काही ठाऊक असेल असं नाही.
पहाटे शेजारची बाजरी ते पिते.

पाच आठवड्यांनी प्रयोगशाळेचा कागद आला.
खूण सापडली होती :
न्गेरच्या पानांत, मोसानच्या बाजरीत,
आणि नमुना क्रमांक चौदामध्ये.

चौदा म्हणजे बांधापलीकडचं पहिलं ताट.
लातिरचं.
हाच बांध दोन हात सरकला म्हणून
तीन वर्षं त्या दोघांत बोलणं नाही,
लग्नाच्या जेवणातही
ते वेगवेगळ्या परातीभोवती बसतात.

मी कागदावरचे आकडे बोटानं दाखवले.
तिला वाचता येत नाही, तरी तिने
चौदावर बराच वेळ बोट ठेवलं.
मग कागदाची घडी केली,
रुमालाच्या गाठीत खोचली,
आणि पलीकडे खुरपत असलेल्या लातिरच्या
वाकलेल्या पाठीकडे पाहत हळूच म्हणाली,
"त्याला सांगू नकोस.
भारी मानी माणूस आहे तो.
पाणी परत द्यायला येईल."