पहिलं, दुसरं, चौथं

भाच्याने छापून दिलेल्या कागदावर
एक हात काढलेला होता, गोरा, नखं कापलेला,
आणि खाली सूचना:
एका पडद्याला एक बोट.
चार पडदे, चार बोटं. हिशेब सरळ.

मी वेंगुर्ल्याची. हिशेब मलाही कळतो.
अख्ख्या गराचे किलोवर पैसे,
तुकडा पडला की वेगळ्या डब्यात.
पण कागदावरचा तो हात
माझ्या हातापेक्षा पेरभर लांब होता.

पहिल्या पडद्यावर तर्जनी रोवून
चौथ्याकडे करंगळी पाठवली की
मनगट असं वळायचं,
कुणी मागून पिरगाळून धरल्यासारखं.
तार अर्धीच दबायची,
पत्र्याखाली अडकलेल्या भुंग्यासारखी
नुसती चरफडायची.

दोन महिने तशीच ओढले.
रात्री कोपरापर्यंत कळ,
सकाळी कारखान्यात कटरवर हात जड.
पुतळाबाई विचारायची,
"राती खंयचा दळान दळतंस गो?"
मी सांगायचे नाही.
बास गिटार म्हटलं तर तिला काय कळणार,
आणि कळलं असतं तर आणखीच पंचाईत.

इनास मास्तर चाळीस वर्षं बोटींवर वाजवून
उभादांड्याला परतलेले.
गिटार त्यांचीच. मला अर्ध्या किमतीत,
पैसे नकोत, काजूगर दे म्हणाले.
मी गेले तेव्हा जेवत होते.
कागद पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला,
मग त्याची घडी करून
तिच्यावर बांगड्याचे काटे काढून ठेवले.

"ह्यो हात कोणाचो? तुझो न्हय.
तू काजीची बी कशी धरतंस ता दाखव."

बी नव्हती. मी हवेतच दाखवलं.
अंगठा आणि तर्जनी तिला पात्याखाली नेतात,
मधलं बोट ती कलंडू देत नाही,
आणि अनामिका, करंगळी दोघी मिळून
पुढच्या पाच-सहा बिया मुठीत राखून असतात.
अकरा वर्षांत त्या दोघी
कधी वेगळ्या झाल्याच नाहीत.

"मगे आता कित्याक येगळ्यो करतंस?"

एवढंच. पुढे ताकभात.

तेव्हापासून खालच्या अंगाला माझं
पहिलं, दुसरं, चौथं.
तिसरं चौथ्याच्या पाठीशी, नाव न लावता.
एका वेळी तीनच पडदे.
चौथा हवा तर बोट ताणायचं नाही,
अख्खा हात सरकवायचा,
अंगठा मागे सैल सोडून,
ओंडक्यांवरून होडी लोटतात तसा, न उचलता.
वर सातव्याच्या पुढे पडदे दाटीने बसलेत,
तिथे चौघीही सुट्या.
तिथे भाच्याचा कागद खरा आहे, मी नाकारत नाही.

तो म्हणतो, आत्ये, ही उभ्या बासची जुनी रीत,
हल्ली असं कुणी वाजवत नाही.
असेल.
माझं मनगटही हल्लीचं नाही.

काजूच्या तेलाने बोटांची कातडी गेलेली.
रेशनच्या मशीनवर तीनदा दाबलं
तरी मी कोण ते त्याला कळत नाही.
तारा दाबून दाबून टोकांना आता
चणाडाळीएवढे घट्टे आलेत.
मशीनला त्यांचं काही नाही.

परवा रेडीला एका लग्नात वाजवलं.
नवरीचा मामा स्टेजखाली येऊन म्हणाला,
"ह्या बायेचो आवाज खंय येता?"
रोक ड्रमच्या मागे हसत सुटला.
मी तिसऱ्या पडद्यावर होते, सगळ्यात जाड तारेवर,
करंगळी, आणि तिला टेकलेली अनामिका,
आणि मामाच्या हातातल्या सरबताच्या ग्लासात
बारीक बारीक गोल उठत होते.
त्याने पाहिले नाहीत.

मास्तरांचे अजून नऊ किलो गर देणं आहे.
तुकडा चालेल म्हणालेत.