माप

डुलूथमध्ये नोव्हेंबर. सरोवरावरून वारा येतो
आणि माझ्या टेबलावर आभारपत्रांचा गठ्ठा.
देणगीदारांकडे जाण्याआधी मी ती वाचते :
रकमेचा आकडा खोडायचा,
रडगाणं आवरायचं,
सही मात्र शाईची हवी.

काओली थाओनं तीनदा लिहून आणलं.
पहिल्यात आईच्या रात्रपाळ्याच,
दुसऱ्यात नुसतं ऋणी, ऋणी.
तिसरं दोन ओळींचं :
'रात्रीचं काम सोडलं.
चार महिने झोपतेय.'
त्यावर माझा पेन उठला नाही.

आयली कोस्केला, वय ब्याण्णव.
हॉस्पिटलच्या चादरी धुण्यात जन्म गेला,
शिष्यवृत्ती ठेवली ती नवऱ्याच्या नावानं.
तिला पत्र गेलं, सोबत नेहमीचा फोटो :
ग्रंथालयाच्या पायऱ्या, हसरी मुलगी.

उलट टपाली पोस्टकार्ड.
आभार पोचले वगैरे काही नाही.
अक्षर थरथरतं, प्रश्न नाही :
'हात बाह्यांत ओढून घेतलेत हिनं.
माप कळवा.'

असलं काही कळवायचा नियम नाही आमच्यात.
दार लोटून
मी पट्टी काढते.
काओली बोटं पसरते टेबलावर,
माझ्या खोडलेल्या आकड्यांवर.