शेपूट

महाप्याला, गाळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर
मी जुन्या पोथ्यांचे फोटो काढते.
पानामागे दोन रुपये दहा पैसे, हातमोजे कंपनीचे.

आजची पोथी ओवीबद्ध,
मधेमधे लाकडी ठशांचा नरक.
कोरणाऱ्याने खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत
स्वतःचं नाव घुसवलंय : भिकू तांबट, ठाणें.

भिकू यमपुरीला गेला नसणार,
ठाण्याच्या तुरुंगावरून मात्र रोज जात असावा.
यमदूतांना त्यानं पट्टे दिलेत, पायांत बूट,
मिशा फौजदाराच्या.
तेलाची कढई उघड उघड हलवायाची, झाऱ्यासकट.
चित्रगुप्त तेवढा दमलेला,
बोरूने कान खाजवतोय.

लाकडात जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं राहतं,
ज्याला हात लावला नाही ते काळं.
म्हणजे भिकूने अंधार होता तसाच सोडला
आणि दिवसभर मांडी घालून फक्त उजेड उकरला :
पाप्याच्या बरगड्या, कढईचा काठ,
वैतरणीच्या पाण्यावरच्या रेघा.

पान एकशे बारा. तीच नदी.
गाय पोहतेय, मागे एक माणूस,
मूठ आवळलेली. मुठीत काही नाही.
शेपूटच नाही गाईला.
मला वाटलं, कसर लागली. भिंगाखाली धरलं तर
बोटं. तेलाची, हळदीची, राखेची.
घरोघरी दिवसांत वाचताना
कुणी ना कुणी नेमकं तिथेच बोट टेकवलेलं,
हे बघ, धरलं हो त्यांनी, धरलं.

सबनीस म्हणाले, डाग काढून टाक,
शेपटाची शेजारची रेघ ओढून जोड.
जोडता येते. दोन मिनिटांचं काम.

आप्पा गेले तेव्हा गुरुजी म्हणाले,
कोपरखैरण्यात गाय कुठून आणणार,
पाचशे एक ठेवा, गोदान झालं.
सुटा रुपया नव्हता. पाचशेच ठेवले.

खिडकीखाली नाला, आज जांभळा,
काल हिरवा होता.
याच नाल्याच्या कडेने बत्तीस वर्षं
आप्पा रंगाच्या कंपनीत गेले.
पोहता येत नव्हतं त्यांना.

उजव्या हाताचा मोजा काढला.

सबनीस ओरडले, अगं, बोट आलंय फोटोत,
उचल, पुढचं पान घे.

थांबा जरा, म्हटलं,
अजून पोचले नाहीत.