कडी

नेझा आली तेव्हा दिघ्याला पाणी एक दिवसाआड येत होतं.
मी तिला आधी तेच सांगितलं,
मग संस्थेचं ध्येय वगैरे.

सात वर्षांत ती अकरावी.
पहिलीने भिंतीवर पंख असलेली मुलगी काढली होती,
तिसरीने तिच्यावर पांढरा हात मारून
पुस्तकातून उगवणारं झाड,
सहावीने झाडावर पृथ्वी.
आता पोपडे निघतात तिथं
पृथ्वीतून एक पंख डोकावतो.
मुली म्हणतात, ताई, आत कबुतर अडकलंय.

स्लोव्हेनिया नकाशात शोधला,
रेणव्वाच्या करंगळीच्या नखाखाली अख्खा देश मावला.
"एवढ्याशा गावातून एवढी उंच बाई?"
आणि दोन दिवसांत नेझाची नीजताई झाली.
रात्री डास, दिवसा खाणीवरच्या क्रशरची घरघर,
नावात सोडून तिला नीज कुठेच नव्हती.

तिच्याकडे एक छापील कागद होता:
एक ते पाच या पट्टीवर
तुम्हाला किती सक्षम वाटतं?
भाषांतर माझ्याकडे.
सक्षमपाशी दरवेळी अडखळत होते,
शब्द तोंडात खडीसारखा.
तिम्मव्वा म्हणाली, सकाळी पाच, संध्याकाळी एक,
मधलं विचारू नको, डोक्यावर पाटी असते.
हुसेनबी म्हणाली, माझे पाच माझ्या पोरीला लाव.
नीजताईने पेन खाली ठेवलं.
असं लिहायला रकाना नव्हता.

दुसरा कागद मुलींचा:
आठवीनंतर गैरहजेरी का वाढते?
खाली चार कारणं, खूण करायला.
मुली एकमेकींकडे बघून हसल्या.
त्या हसण्याचं भाषांतर मला येतं,
मी केलं नाही.
सात वर्षं मीसुद्धा
घरून पाणी न पिताच निघत होते.

तिसऱ्या आठवड्यात तिचं तिलाच कळलं.
केंद्रामागच्या संडासाला दार आहे, कडी नाही.
आत जाणारीसोबत एक बाहेर लागते, दार धरायला.
जोडीण नसेल तर जायचं नाही.
जोडीण नसेल तर यायचंच नाही.

त्या दिवशी आत रेणव्वा, बाहेर नीजताई.
पाठ दाराला, तोंड डोंगराकडे.
क्रशरवरची पोरं शीळ घालत दोनदा गेली,
ती हलली नाही.
हातात तोच कागद, घडी घालून पंख्यासारखा.

शनिवारी ती ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून
एकटीच हार्डवेअरच्या दुकानात गेली.
कडीला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.
म्हणे तिने दुकानदाराला आधी दार होऊन दाखवलं,
मग आतून बंद झालेलं दार.
पंचाऐंशी रुपये, चार स्क्रू फुकट.
ड्रिल मी बसप्पाकडून मागून आणलं.
भोक तिरकं पडलं,
कडी अजूनही जरा उचलूनच सरकवावी लागते.

निरोपाला पाहुणे आले, नारळ, शाल, फोटो.
भिंतीसाठी आणलेला निळा रंग डब्यातच राहिला.
अहवाल सोळा पानांचा, मी अक्षर न् अक्षर वाचला:
कार्यशाळा नऊ, लाभार्थी एकशे चार.
कडी कुठेच नाही.
विचारलं तर म्हणाली,
कुंदाताई, कुठल्या रकान्यात लिहू?

तिचा मला रागच आला.
आमची केंद्रं सहा, दारं सहा,
लिहिलं असतंस तर पाच कड्या मागता आल्या असत्या.
मग रिक्षा विटाव्याकडे वळली, धूळ खाली बसली,
आणि राग फिरून माझ्याकडे आला:
सात वर्षांचे अहवाल
माझ्या अक्षरात आहेत.

बारावी जानेवारीत येईल.
तिच्यासाठी मी नवा कागद केलाय, एकाच प्रश्नाचा.
हो किंवा नाही.

आता रेणव्वा आत गेली की लवकर निघत नाही.
बाहेर रांग, पोरी दार बडवतात,
मी घड्याळ दाखवते, तास सुरू व्हायचाय.
आतून ती सावकाश ओरडते,
थांबा की!