मचूळ

बरक्याच्या प्लांटमध्ये
रात्रपाळीभर मी समुद्रातलं मीठ काढतो,
आणि सकाळी घरी येऊन
टोमॅटोला विहिरीचं मचूळ पाणी घालतो.

पहिल्या वर्षी लाडानं गोडं पाणी पाजलं होतं.
फळं आली मुठीएवढी, गुळगुळीत,
चव ओल्या पुठ्ठ्याची.
सॉस आटवायला घेतला
तर आटता आटेना, सिलिंडर संपत आला.

शंबे बलूच, पलीकडच्या खजुरीचा राखणदार.
फोड तोंडात टाकली, थुंकली.
म्हणाला, "याला कधी तहान लागलीच नाही."

तेव्हापासून ऑक्टोबरात रोपं,
आणि फळाला लाली चढू लागली की
पाणी तोडायचं.
दुपारी पानं माना टाकतात.
विशाखा म्हणते, बघवत नाही हो.
मलाही बघवत नाही.
नळीला हात लावत नाही, एवढंच.

फळं लहान. सालीला जाड, एखादं तडकलेलं.
पण चिरताना विळीखालचं ताट कोरडं राहतं,
आणि बोटांना दिवसभर तो हिरवट, उग्र वास.
पातेल्यात थोडा लसूण. मीठ जवळजवळ नाहीच.
यंदा सतरा बाटल्या,
झाकणांवर विशाखाच्या अक्षरात तारखा.

जूनमध्ये, उन्हानं दाराची कडी धरवत नाही तेव्हा
शंबेची बाटली परत आली.
धुतलेली, आत वर्तमानपत्राची पुडी:
तडकलेल्या फळाच्या बिया, वाळवून.

पुडी फ्रिजमध्ये ठेवली.
डबा घेतला.
आठची बस, पुन्हा समुद्र.