चार हात बाहेर

त्या पहाटे फावडं माझ्या हातात होतं,
म्हणून हे मी सांगतोय.

रिओनीवरचं धुकं उठून
धावपट्टीकडे येत होतं,
निळे दिवे एकेक पुसत.
कुताइसीहून बारीला जाणारं विमान वळणावर आलं
आणि वळलं.
फक्त जरा उशिरा.
पुढचं चाक एका निळ्या दिव्यावरून गेलं,
मागोमाग उजवीकडची मोठी चाकं,
आणि साठ टनांचं ते धूड
गवतात बसलं,
आमच्याकडच्या म्हशी ओढ्यात बसतात तसं,
घाई न करता.

डांबरापासून चार हात.
तेवढंच.
आत कोणी किंचाळलंसुद्धा नाही,
लोकांना वाटलं, रांग असेल पुढे.

कॅप्टन बेनेडेक शिडीवरून उतरला.
टॉर्च धरून चाकाच्या खळीपाशी
बराच वेळ उभा.
त्याचा डावा तळहात आपोआप हवेत वळत होता,
पुन्हा तेच वळण घेत,
या वेळी बरोबर.
वादळातून, रात्रीतून, समुद्रावरून ज्यानं
शेकडो माणसं नेली आणली,
त्याला इथे चालताना ठेच लागली.
मी त्याला सिगरेट दिली. विमानापाशी ओढता येत नाही,
म्हणून त्यानं ती कानामागे ठेवली.

माझा बाप ट्रॅक्टर काढायचा चिखलातून.
म्हणायचा, मुर्ताज,
रुतलेल्याला आधी ओढू नये,
ओढलं की तो आणखी खाली जातो.
आधी त्याच्याखाली काहीतरी ठोस सरकवावं,
आणि मग थोडी वाट बघावी.

माणसं उतरवली. बायकाच जास्त,
तिकडे म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला निघालेल्या.
प्रत्येकीच्या पिशवीत द्राक्षरसात बुडवून वाळवलेल्या
अक्रोडांच्या माळा,
प्रत्येकीच्या बुटाला आता आपल्याच मातीचा गोळा.

एकीनं विचारलं, किती वेळ लागेल?
मी म्हणालो, माती सोडेल तेव्हा.
ती हसली. तिचं नाव त्सियाला,
वानीच्या अलीकडच्या गावची,
नऊ वर्षं बारीत
एका परक्या आईला उचलते, धुते, भरवते.
स्वतःच्या आईला काल रात्री
पाया न वाजवता सोडून आली होती.

बस यायला उशीर होता.
पाचला तिचा फोन वाजला.
पलीकडचा आवाज मोठा, कानाला कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा:
पोहोचलीस का गं?

तिनं चाकाकडे पाहिलं,
मग स्वतःच्या बुटाकडे.
घर इथून चाळीस किलोमीटरवर.
टॅक्सीवाला झोपेतून उठून आला असता.

हो देदा, पोहोचले, म्हणाली.
थंडी आहे का तिकडे?
थोडी.

मी फावडं चालवत राहिलो,
ऐकलंच नाही असं दाखवत.
पुन्हा निरोप घ्यायचा तर
आधी पुन्हा दारात उभं राहावं लागतं,
एवढं मलाही कळतं.

उजाडल्यावर लोखंडी पत्रे आले,
हवेच्या मोठ्या पिशव्या आल्या,
नोदारनं आपला टग इतका हळू मागे घेतला
की त्याच्या ओठातली काडी हलली नाही.
मातीनं एक ओला आवाज केला
आणि सोडलं.

विमान दुपारी हँगरमध्ये गेलं,
दुसरं संध्याकाळी आलं, बायका गेल्या.
त्सियालानं खिडकीतून हात केला असेल,
नसेलही,
धुक्याऐवजी आता ऊन होतं डोळ्यांवर.

अहवालात लिहिलंय:
इजा नाही.

खळ्या बुजवायचं काम माझ्याकडे आलं.
तीन बुजवल्या.
चौथीत पाणी साचलं होतं,
एक परीट पक्षी शेपूट हलवत
तिच्या काठावर
फिरत होता.
म्हटलं, उद्या बघू.